कथिल वितळताना

आजोबा गेले फेब्रुवारीत, चोपन्न साली.
कायदा म्हणतो, माणूस कधीही मरो,
सत्तर वर्षं मोजायची ती डिसेंबर उलटल्यावर.
असे ते दहा महिने जास्तच आमचे राहिले.

दर वसंतात मानधन जमा व्हायचं:
कधी अडतीस युरो, कधी अकरा.
एकदा त्यात माझे बर्फातले बूट आले,
एरवी कॉफी, वेलदोड्याचे पाव.
हरवलेल्या हातमोज्याची ती एकच कविता
पुरवून पुरवून खाल्ली आम्ही.

आज तांपेरेत मध्यरात्र. शेगडीवर, पळीत
कथिल वितळतंय. ते गार पाण्यात ओतायचं,
जो आकार येईल ते पुढलं वर्ष.
ओन्नीचं जहाज झालं. माझं काय, कळेना.
"मोजाच आहे," तो म्हणाला, "हा बघ अंगठा."

चित्रं मात्र अजून आमचीच.
ती हिल्लेवीआत्याची, आणि आत्या गेली एक्क्याऐंशीत;
लाल लोकर आणखी सत्तावीस वर्षं कुलपात.
शब्द तेवढे बाहेर पडले,
उणे वीसमध्ये, उघड्या हातांनी.

दोन तारखेला वाचनालयाच्या फळ्यावर
दुसरीतल्या कुणा मुलीनं कविता उतरवली होती,
शेवट बदलून.
तिच्यात मोजा सापडतो.

आजोबांनी तो कधीच सापडू दिला नव्हता.

फोनसाठी हात खिशात गेला,
मग आठवलं: आता कुणी
मला विचारायचं नसतं.

कोट न काढताच
तिचा शेवट दोनदा वाचला.
एक अक्षर चुकलं होतं.
राहू दिलं.