एकेचाळिसावी ओळ

वसमतच्या मोंढ्यात, हळदीचा मोठा हंगाम सरल्यावर,
सचिव पुयड साहेबांनी मला आत बोलावलं:
तू सायन्सचा आहेस, आराखडा तूच कर.
मी बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र.
पण त्या दिवसापासून नवी प्रणाली माझी झाली.

भिंतीवर चार कागद जोडून तक्ता चिकटवला.
काम, तारीख, जबाबदार, झाले किंवा नाही.
तारीखच ठरेना.
अमावस्येला अडते नको म्हणाले,
शुक्रवारी दुपारी जलीलचाचा काट्यावर नसतात,
मंगळवारी वीज नसते,
पोळ्याच्या आठवड्यात हमाल गावाकडं.
उरला एक बुधवार, पितृपक्षातला.
त्यावर कुणीच हरकत घेतली नाही.
पक्षात कुणी काही नवं सुरू करतं का?
सगळ्यांना वाटलं, होणारच नाही.

मग नावं आली.
सत्तावीस वर्षांच्या वह्या,
पान उलटलं की बोटाला पिवळं.
नांदेडहून आलेली प्रणोती डावळे म्हणाली,
एका माणसाला एकच क्रमांक.
आमच्याकडे मुंजाजी ग्यानोजी, मुंजाभाऊ ग्यानोबा,
आणि नुसता मुंजा, कौठ्याचा.
उत्तरवारमामांनी चष्मा कपाळावर सारला.
"पहिले दोन एकच. तिसरा त्याचा चुलता, तो वारला.
खातं बायको चालवती. नाव तसंच राहू द्या म्हणली."
हे कुठं लिहिलंय, प्रणोतीनं विचारलं.
मामांनी समासातला बारीक गोल दाखवला.
पेन्सिलीचा.

अशा खुणा तीनशे बारा निघाल्या.
ठिपका म्हणजे रोख द्या.
दोन ठिपके: पोराच्या हातात देऊ नका.
आडवी रेघ: ऐकायला कमी येतं, आकडा मोठ्यानं सांगा.
प्रणालीत शेरा नावाचा रकानाच नव्हता.

त्या रात्री मी तक्त्यात भर घातली.
ओळ एकेचाळीस: जुनी पद्धत बंद करणे.
जबाबदार: उत्तरवार.
सकाळी मामा भिंतीपाशी उभे, हातात डबा.
"म्हणजे मीच मला बंद करायचं व्हय?"
मी हसलो. ते हसले नाहीत.
खिशातलं पेन काढून
'बंद करणे' खोडलं, वर लिहिलं: महिनाभर दोन्ही चालवणे.
अक्षर इतकं सुबक की मला काही बोलवेना.
पुयड साहेबांनी सही केली, न वाचता.

बुधवारी काटा जोडला, पावती निघाली.
जलीलचाचांनी ती उजेडात धरली, नोट धरावी तशी.
"तोल बरोबर हाय बेटा, पण हे पुकारत नाही."
आणि स्वतःच पुकारलं, अख्ख्या ओट्याला ऐकू जाईल असं.

संध्याकाळी वहीत मेळ बसला.
पडद्यावर अकरा किलो कमी, लाल.
प्रणोतीनं तीनदा बेरीज घेतली.
मी केबल हलवून पाहिली.
मामा बाहेर बघत होते.
ओट्यावर चौघीजणी खराट्यानं
सांडलेली हळद गोळा करून पदरात भरत होत्या.
"रोजचंच हाय ते. दहा-अकरा."
मग वहीत का नाही?
"वहीत हाय की. मेळ बसला ना?"

प्रणोतीच्या यादीत कारणं तीन:
घट, चोरी, काट्याची चूक.
"सांडलेलं काय चोरलेलं असतं, पोरी?
आन् काटाही चुकला नाही."
बराच वेळ ती लुकलुकती रेघ बघत बसली.
मग पुण्याच्या कंपनीला न विचारता
तिनं एक रकाना वाढवला, साठ अक्षरांचा.
नाव काय देऊ, हे तिनं विचारलंही नाही.

महिना झाला. मग दुसरा.
एकेचाळिसाव्या ओळीपुढं
'झाले किंवा नाही' अजून कोरं.
मामा शेरे सांगतात, मी टाइप करतो.
काल म्हणाले, लिही:
कौठ्याची बाई खातं स्वतःच्या नावावर करा म्हणती.
बसलं साठात.
नाव काय तिचं, मी विचारलं.
मामांनी वही काढली, आणखी एक काढली,
समास चाळत राहिले.
जलीलचाचांनाही ठाऊक नव्हतं.
बाई सोमवारी येणार आहे.