निरीक्षण क्रमांक अठ्ठेचाळीस

मार्चअखेर. सांगलीच्या मुख्य शाखेत
पंख्याच्या वाऱ्यालासुद्धा हळदीचा वास.
माझ्यापुढे सत्तेचाळीस नियंत्रणं,
प्रत्येकाला पुरावा टाचलेला:
नोंद करणारा हात आणि मंजुरीचा हात वेगळा,
तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन खिशांत,
खाडाखोडीशेजारी आद्याक्षरं, तारीख, वेळ.
ताळेबंदावर सही करताना
अध्यक्ष जरा श्वास रोखतात.
चुकलं तर कोण, हे आधीच लिहून ठेवलंय.

तेवढ्यात जिनगोंडा मगदूम आले.
मार्केट यार्डात हळदीची पारख करतात.
डोळे जाऊन एकवीस वर्षं झाली.
व्यापारी त्यांच्या कानाशी हळकुंड मोडतात
आणि गप्प उभे राहतात.

फोन टेबलावर ठेवून म्हणाले,
"बाई, तुमचं नवं ॲप जरा ऐका."
मी ते पाहिलं होतं. तपासलंही होतं.
ऐकलं नव्हतं.
त्यांचं बोट सरकलं, तसा फोन बोलत गेला:
बटण.
बटण.
चित्र, नाव नाही.
बटण.
"ह्यातलं पैसं पाठवायचं कुठलं,
आन् रद्द करायचं कुठलं?"
मला एक हिरवं दिसत होतं, एक लाल.

"मग कसं करता?"
"भाच्याला पिन दिलाय. ओटीपी बी त्योच वाचतो.
पोरगं गुणी हाय."
थोडं थांबून,
"आजवर तरी."

माझ्या पाठीमागे भिंतीवर आमचाच फलक,
वीतभर अक्षरांत:
आपला पिन कुणालाही सांगू नका.

संगणक विभागाचे उपाध्ये म्हणाले,
"मॅडम, तुमचे ते नियम. ही मार्गदर्शक तत्त्वं."
म्हटलं, यालाही कायदा आहे.
"आहे की. पण तपासायला येतंय कोण?"

आयर्विन पुलापाशी आकडे रंगवलेत.
चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका.
पाणी तेच असतं.
इशाऱ्याला आपण कणीस खात बघायला जातो,
धोक्याला गाद्या माडीवर चढवतो.

रात्री घरी दोन्ही मसुदे शेजारी उघडले.
एक धरून चालतो की माणूस हात मारील.
दुसरा धरून चालतो की माणसाला हात नसेल,
किंवा नजर, किंवा बारकं वाचायची सवड.
पहिल्याला शिस्तीत ठेवायला
आम्ही अकरा जण पगारावर.
दुसऱ्याची चाळीस पानं
उपाध्येंच्या संगणकात, न उघडलेली.
मला वाटायचं यांची एकमेकांशी ओळखही नसेल.
पण पिन भाच्याकडे गेला
तेव्हा माझी सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस
बिनचूक होती,
आणि कुलूप उघडंच होतं.

जाण्याआधी त्यांनी खिशातून दोन हळकुंडं काढली होती.
पहिलं मोडलं: टण्, पितळेच्या भांड्यासारखं.
"राजापुरी. नीट वाळलेली."
दुसरं नुसतं फसकन् तुटलं.
"आतनं दमट. दिसायला सारखीच ना?"
सारखीच होती.
उठताना टेबलाची कड चाचपली
तर हात माझ्या उघड्या अहवालावर पडला,
सत्तेचाळीसच्या खालच्या कोऱ्या ओळीवर.

सकाळी तिथेच लिहिलं:
४८. खातेदाराचा पिन त्रयस्थाकडे.
कारण: बटणांना नावं नाहीत.
जोखीम: उच्च.
जबाबदार: इथे पेन थांबलं.
मग ॲप स्वीकारताना ज्यांनी सही केली
त्या सगळ्यांची पदं लिहिली.
तिसरं माझं होतं.

शुक्रवारी उत्तर आलं: नोंद घेतली.
पूर्ततेच्या तारखेचा रकाना मोकळा.
अक्षरांखाली पिवळा ठसा, चार बोटांचा.
उपाध्ये म्हणाले, कागद खराब झालाय, दुसरी प्रत काढू?
नको म्हटलं.
पुराव्याशिवाय मी काही लिहीत नाही.