न्यूट्रल

नव्या पेठेच्या मागं, बंद पडलेल्या सूतगोदामाच्या आवारात
जागा आहे पंचवीस गाड्यांची.
उभ्या राहतात चाळीस.
वरच्या पंधरा मल्लेशम बिंगींच्या खांद्यावर.

भिंतीवर गेरूनं लिहिलंय:
गाडी आडवी लावल्यास न्यूट्रलला ठेवावी.
हँडब्रेक ओढू नये.
खाली, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात: कृपया.

मी वाचलं होतं. खोटं कशाला बोलू.
पण एप्रिलचं ऊन, पारा बेचाळीसच्या पुढं,
दुसऱ्याची वापरलेली, तरी माझी पहिली गाडी,
आणि तिच्या पाठीवर परक्या माणसाचे तळवे,
हात आपसूक गेला. कर्र, कर्र, कर्र.
तीन दाते. मोजले मी.

मग चादरींच्या दुकानात.
भाचीच्या लग्नाचा आहेर, बारा नग,
बायको म्हणाली मोर नकोत, मोर सगळेच देतात.
फोन गाडीतच राहिला, हे सरबत आल्यावर आठवलं.
तरी सरबत संपवलं.

परतलो तर
माझ्या गाडीआड कोंडलेली एक पांढरी गाडी,
चारी दारं उघडी, टपावर ओली चादर,
आत एक आजोबा, डोळ्यावर हिरवी पट्टी,
सकाळीच मोतीबिंदू काढलेला.
रिक्षात हादरे बसतील म्हणून सून थांबलेली.
आणि मल्लेशम त्यांना वारा घालतायत
पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यानं.
पाऊण तास.

उत्तरं मी चालता चालताच जमवली होती.
दुकानात गर्दी. पाटी पुसट.
एक तर असं होतं की चूक त्यांचीच निघत होती.

ते एवढंच म्हणाले,
"आधी काढा, सायेब. म्येल्लगा.
म्हाताऱ्या माणसाला धूळ नको."
मी काढली. म्येल्लगा.
आयुष्यात इतक्या हळू मी काहीच केलं नव्हतं.

सून रागानं बघत होती, तिचा हक्कच होता.
आजोबांनी मात्र खिडकीतून हात बाहेर काढला,
"काय घेतलंत?"
मी पिशवीतली एक चादर पुढं केली.
त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये कड धरली,
पट्टीखाली डोळा मिटलेलाच असणार,
"दुहेरी वीण," म्हणाले, "टिकेल."
आणि गाडी गेली.

पैसे जास्त देऊ लागलो तर
मल्लेशमनी वीस घेतले, वरचे परत केले.
"पैल्यांदा सगळेच ओढतात की.
आपलं म्हटलं की हात ओढतोच.
मागावर बावीस वर्षं काढली मी,
ताण कुठं द्यायचा नाही, तेवढंच शिकलो बघा."

घरी आल्यावर दिसलं:
मागच्या काचेवरच्या धुळीत दोन पंजे,
दहा बोटं पसरलेली,
खाली घसरत आलेले ओरखडे.
ढकलून पाहिली होती त्यांनी. हलली नव्हती.
ती काच मी बरेच दिवस पुसली नाही.
बायको म्हणाली, आळशी.
मी म्हटलं, हो.

आता न्यूट्रलला ठेवतो.
पुण्यात मेव्हण्याच्या सोसायटीत, उतारावर,
हीच सवय चार कुंड्यांना भोवली, ते सोडा.

पण गोदामाच्या आवारात परत येतो तेव्हा
गाडी लावली तिथं कधीच नसते.
चार हात पुढं, कधी पार लिंबाखाली,
काचेवर नवे पंजे.
माझ्यामागून ती कुणाकुणाला वाट देत फिरलेली असते,
आणि मी तिला शोधत उभा,
हातात किल्ली,
जी कुणाला लागलेलीच नसते.