काठीचा रकाना

उझेनच्या तेलात मेण फार.
बाहेर उणे अठरा.
पाइपच्या आत ते साय धरावी तसं
थरावर थर बसत जातं,
आणि मुख्य कार्यालयाला तक्ता हवाय:
कोणती पद्धत, किती तास, किती खर्च, किती धोका.

मी रकाने आखते.
गरम तेल सोडलं तर मेण वितळतं,
आणि वीस किलोमीटर पुढे जाऊन पुन्हा बसतं,
बाकावरून उठवलेला माणूस
दुसऱ्या बाकावर जाऊन झोपावा तसं.
रसायनाने गुण येतो.
वास मात्र आठवडाभर हाताला, मग नानला,
आणि शेवटी ते ओतायचं कुठे
हे विचारलं की सगळे खिडकीबाहेर बघतात.
दाबाचं पाणी झकास.
पण त्यासाठी पाइप कापायचा,
आणि पाणी इथे टँकरमधून येतं.

उरला तो ब्रशांचा, रबरी चकत्यांचा गडी,
तेलाच्याच रेट्याने आतून घासत जाणारा.
पुस्तिकेत त्याचं नाव डुक्कर.
सागिंदिक ते तोंडी घेत नाही.
तो म्हणतो, किरपी. साळू.
चौतीस वर्षं त्याने साळू सोडलेत
आणि पलीकडच्या तोंडाशी त्यांची वाट पाहिलीय.

तक्ता वाचून तो म्हणाला,
"घोडा कापला की आई आतडी धुवायची.
मीठ लावायची, सुरीच्या पाठीने खरवडायची,
पण त्याआधी उलटी करायची, मोज्यासारखी.
हा पाइप उलटा करता आला असता
तर तुझ्या तक्त्याला एकच ओळ पुरली असती."

रात्री नऊला सोडलेला साळू
चारला यायचा, तो पाचलाही आला नाही.
काटा चढू लागला.
मेयिरबेकने ट्रक काढला.
एकेका खुणेपाशी सागिंदिक उतरे,
वाळुंजाची काठी पाइपला टेकवी,
दुसरं टोक कानाला.
बर्फात आम्ही दोघं श्वास धरून.

एकेचाळिसाव्या खुणेच्या वळणावर
तो बराच वेळ वाकून राहिला.
"इथे आहे. दाब वाढवू नका.
कमी करा आधी.
अडलेल्या मेंढ्याला कोणी पुढे ओढतं का?"
रेडिओवर कुणीतरी वैतागलं.
दाब उतरला, थांबला, मग हळूहळू चढला,
आणि पायाखालून काहीतरी गेलं,
जुनं दार कुरकुरत उघडावं तसं.

सकाळी झाकण उघडलं.
तीन ब्रश मोडलेले, अंगभर तपकिरी मेण, वाफ.
सागिंदिकने बाहीने त्याची पाठ पुसली.
एकोणीस बादल्या भरल्या.

मी लिहिते: अकरा तास वीस मिनिटं. धोका, मध्यम.
साधनांच्या रकान्यात 'काठी' लिहून खोडते,
पुन्हा लिहिते.
कार्यालय किंमत विचारेल.
जूनमध्ये तो निवृत्त होतोय.

काल तो चहाला गेल्यावर
मी काठी टेकवून पाहिली.
ऐकू आलं ते माझंच रक्त,
आणि त्याच्यामागे, कदाचित, काही.