मापात पाप नाही

दर रविवारी ब्रिंदिझीहून निघते मुर्मानची पांढरी व्हॅन,
बोटीत चढते, ग्रीस ओलांडते, तुर्कस्तान आडवा कापते
आणि गुरुवारी, फार तर शुक्रवारी,
कुताइसीच्या जुन्या बसथांब्यामागे येऊन धापा टाकते.
किलोला दीड युरो.
पावती नाही. मुर्मानची वही आहे
आणि वहीला सुतळीनं बांधलेली पेन्सिल.

आम्ही नवरे तिथे आधीपासून उभे असतो.
आमच्या बायका तिकडे परक्या म्हाताऱ्यांना
भरवतात, पुसतात, रात्री दोनदा कुशीवर वळवतात.
आम्ही सिगारेटी ओढतो,
एकमेकांकडे फार बघत नाही.

या खेपेला खोकं एका कोपऱ्यात ओलं.
चिकटपट्टी दोनदा लावलेली:
खाली नानुलीची, तपकिरी, दातांनी तोडलेली
(कात्री शोधायचा तिला आयुष्यभर कंटाळा),
वर दुसरी, पारदर्शक, टोकं सरळ कापलेली.
मी म्हटलं, मुर्मान, हे काय?
सीमेवर उघडायला लावतात, तो म्हणाला.
विश्वास नसेल तर वजन कर.
केलं. काटा चौदा किलो दोनशेवर थांबला.
वहीतही चौदा किलो दोनशे.
मापात पाप नाही, म्हणाला मुर्मान
आणि पुढच्याला हाक मारली.

घरी टेकलेनं यादी वाचायला घेतली.
औषधाच्या पिशवीमागे आईचं अक्षर, डावीकडे कलंडणारं.
कॉफी, चार पुडे. होते.
शेवया, तीन. होत्या, म्हणजे चुरा होता.
ऑलिव्हचं तेल, दोन बाटल्या.
एक बाटली होती. दुसरी सगळीकडे होती.
बाबांचे मोजे. तेलकट, पण होते.
टेकलेसाठी बूट, निळे, अडतीस नंबर.

बुटांचं खोकं होतं. झाकण होतं. आतला पातळ कागदही होता.
कागदात, बाळासारखा गुंडाळलेला,
दगड.

करडा, समुद्रानं घासलेला,
एका अंगानं पांढरी शीर.
कुणीतरी एका हातात बूट, दुसऱ्या हातात दगड धरून
डोळे मिटून अंदाज घेतला असणार.
हा नको, हलका आहे. तो बघू.
वाकून पुन्हा शोधला असणार किनाऱ्यावर.
इतक्या निगुतीनं मला आजवर कुणी लुबाडलं नव्हतं.

टेकले आधी हसली.
मग आतल्या खोलीत गेली, दार लावलं.

तीन दिवस मुर्मानचा फोन बंद.
चौथ्या दिवशी म्हणाला, बोटीवर मी झोपतो, गाडी एकटीच असते,
मी कुणाकुणावर पहारा ठेवू?
पुढच्या खेपेला एक किलो फुकट.
तोंडाला पानं पुसावीत तर अशी.
दुसरी व्हॅन नाही असं नाही;
तिचा मालक मुर्मानचाच मेहुणा.

रविवारी नानुलीचा फोन. मागे तिची म्हातारी खोकत होती.
बूट बसले का गं?
मी टेकलेकडे बघितलं. टेकले खिडकीकडे.
थोडे चावतात, ती म्हणाली.
नवे आहेत, चावणारच. टाचेला मेणबत्ती घास.
घासते.
आणि पावसात घालू नकोस.
नाही घालणार.

मे महिन्यात मी जोंजोलीच्या कळ्या मिठात घातल्या.
हे काम नानुलीचं; मी फक्त बघायचो,
त्यामुळे मीठ जास्त पडलं.
कळ्या वर तरंगू नयेत म्हणून बशी ठेवावी लागते,
बशीवर वजन.
परसात नीटसं काही सापडेना.
टेकलेनंच तो आणून दिला, धुऊन.
बेताचा बसला. बरणी त्याच्यासाठीच घडवल्यासारखी.

ऑगस्टात येते, नानुली म्हणते.
गेल्या ऑगस्टातही म्हणाली होती.
आली तर आधी बरणीचंच झाकण उघडेल,
मीठ चाखेल, तोंड वाकडं करेल,
मग विचारेल, हा कुठला?
रिओनी नदीत असले दगड नाहीत.

मी अजून उत्तर ठरवलेलं नाही.
टेकलेचं ठरलंय.
सरळ सांगा, ती म्हणते,
अडतीस नंबरचा आहे.