तब्येत जपा

कार्ड टेकवलं की आमचं फाटक बोलतं.
पासष्टीपुढच्यांना लाल दिवा,
आणि आतून एक गोड बाई म्हणते,
"आजोबा, तब्येत जपा."
बाई ध्वनिमुद्रित आहे. तिला चेहरे दिसत नाहीत.
तेवढ्यासाठी मी आहे, खांबाआड,
बिल्ला खिशात घालून.

सहा वाजून दहा. चोंग्न्यांगनी स्थानक.
औषधी मुळ्यांच्या बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्यांची रांग,
पिशव्या रिकाम्या, गुडघे कुरकुरते,
दिवा लाल, लाल, लाल,
आणि मध्येच एक पंचेचाळिशीचा गडी,
केस ओले, काखेत वेल्डिंगचा मुखवटा.
"आजोबा, तब्येत जपा," बाई म्हणाली.
तो "हो" म्हणाला.

फुकटे मी पुष्कळ पकडलेत.
कोणी रडतं, कोणी साहेबांचा भाचा निघतो,
एकाने तर माझ्यादेखत कार्ड दातांनी मोडलं.
हा नुसता उभा राहिला.
कार्डावर मेंग दोक-सू, जन्म एकोणीसशे बेचाळीस.
"वडील?"
"होते."

नियम सोपा आहे: भाडं, वर त्याच्या तीसपट,
आणि तेही फेरीगणिक.
पडद्यावर मार्चपासूनच्या नोंदी उघडल्या. चव्वेचाळीस.
मी आकडा लिहायला घेतला, तसा तो वाकून म्हणाला,
"त्रेचाळीस. सगळ्यात खालची माझी नाही."

मला हसूच आलं.
एवढी लबाडी करून एका फेरीसाठी घासाघीस!
खालची ओळ पाहिली.
नऊ मार्च, दुपारी दोन वाजून सतरा मिनिटं, आत.
पुढचा रकाना कोरा.

बाहेर पडताना माणूस कार्ड टेकवतो.
टेकवतोच.
स्ट्रेचर मात्र बाजूच्या दाराने नेतात,
त्याला कार्ड लागत नाही.

"पैसे वाचत होते," तो म्हणाला, "ते काही खोटं नाही."
आणखी काय खरं होतं, ते मी विचारलं नाही.
त्रेचाळीस लिहिले. हप्ते पाडून दिले.
कार्ड पाकिटात, पाकिटावर शिक्का.

मग त्याने यंत्रातून नवं कार्ड काढलं.
चुरगळलेली नोट यंत्राने दोनदा परत थुंकली,
तिसऱ्यांदा त्याने ती मांडीवर घासून सरळ केली.
त्याच फाटकाशी आला.
टेकवलं. दांडी सुटली.
तरी तो उभाच,
मागचे म्हातारे खोळंबले, कोणीतरी खाकरलं.

बाई काही बोलली नाही.