पाच आकडी नंबर

बाजार रविवारचा, म्हणून आम्ही सोमवारचे.
सकाळी सहाला, सुकीच्या पुलाखाली,
जिथे चार महिने पाणी असतं
आणि उरलेले आठ महिने पिशव्या.

फेगडे लाईनमन रिटायर झाले,
पण खांबावर चढायचे रबरी हातमोजे
अजून घालून येतात, कोपरापर्यंत.
रुबाब तडवी पालच्या रस्त्यानं येतो,
सायकलला आंबे उतरवायचा आकडा बांधून.
द्वारकाबाई शाळेत खिचडी शिजवतात,
त्यांना साडेसातला सुटावं लागतं,
म्हणून त्या सगळ्यांत भराभर वाकतात.

मी दुकानदार.
खतं, औषधं, ठिबकचे जोड,
आणि केळीच्या घडाला चढवायच्या निळ्या पिशव्या.
डाग पडू नये, थंडी बाधू नये,
जहाजात बसणारं केळं नवरीसारखं निघावं.
घड कापला की पिशवी बांधावर,
बांधावरून नाल्यात, नाल्यातून इथं.
मला हे ठाऊक होतं.
ठाऊक असणं आणि वाकणं
यांत दीड हाताचं अंतर असतं.
मी का येतो, कुणी विचारलं नाही.
मीच आपणहून सांगून टाकलं,
डॉक्टरनं चालायला सांगितलंय.

जानेवारीत काम वाढतं. मळ्यामळ्यांत भरीत.
कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी,
कांद्याची पात, कळण्याच्या पुऱ्या,
आणि हे सारं थर्माकोलच्या ताटलीत,
ऐन केळीच्या बागेत बसून.
द्वारकाबाई त्या ताटल्या एकात एक घालताना
कुणाला नावं ठेवत नाहीत.
फक्त मान वर करून पानांकडे बघतात,
एवढी थोरली पानं,
हलताहेत बिचारी.

वरचा थर सोपा असतो, हातानं निघतो.
खालचा खणावा लागतो.
आधी या सालचा निळा,
मग गुटख्याच्या पुड्या, ज्यांची नावं आता बदललीत,
मग कुणाच्या तरी लग्नातले पाण्याचे पाऊच,
वधूवरांची नावं अजून शाबूत,
एकमेकांना चिकटलेली.
त्या सोमवारी कुदळ हातभर गेली
आणि रुबाबच्या आकड्याला एक पांढरी पिशवी आली.
त्यानं झटकली. वाळू पडली.
तो सावकाश वाचतो:
झो पे, कृ षी...
"भो, हे पाय, तुझंच दुकान."

खाली फोन नंबर. पाच आकडी.

वडिलांनी छापून आणल्या होत्या, जळगावहून,
दुकानात फोन लागला त्या महिन्यात.
दहा हजार.
पेढे त्याच पिशव्यांतून वाटले.
त्यांना गाठ मारून द्यायची सवय होती,
दोन वेढ्यांची, गिऱ्हाईकाला दातांनी सोडवावी लागे.
ही गाठ अजून सुटलेली नव्हती.
आत काही नव्हतं. थोडी नदी होती.

भिंतीवरच्या फोटोत वडील
मिशीपासून पुसट होत गेले,
मग कोट गेला, मग एक कान.
हार नवा घालता येतो.
आणि इथं चिखलात
त्यांचं नाव लालभडक,
काल छापल्यासारखं.

कुणी काही बोललं नाही.
फेगड्यांनी उगाच हातमोजे वर ओढले.
द्वारकाबाईंनी पोत्याचं तोंड उघडून धरलं
आणि धरूनच ठेवलं,
शाळेला उशीर होत होता तरी.

मी नंबर मनातल्या मनात फिरवला.
डायल परत येताना करायची ती घरघर.
मग टाकली.

नऊला दुकान उघडलं.
पहिलं गिऱ्हाईक विवऱ्याचं,
दोनशे निळ्या दे, म्हणालं, उधार.
दिल्या.
म्हटलं, घड कापल्यावर परत आण.
तो हसला, "पिशव्या? डॉक्टरनं सांगितलं का?"
म्हटलं, मोजून देतोय, मोजून घेईन.

तो गेल्यावर वही काढली.
लिहिलं: निळ्या पिशव्या, दोनशे, येणे.
एक ओळ मोकळी सोडली.
खाली वडिलांचं नाव घातलं, पूर्ण,
आणि समोर
नऊ हजार नऊशे नव्याण्णव.